न आलेला किलोमीटर

१

गाडी कुठलीही असो, आत आली की टेस्टर आधी स्टिअरिंगखाली वाकायचा. तिथल्या सॉकेटात स्कॅनरची वायर खुपसायची, चावी अर्धी फिरवायची आणि पडद्यावर फॉल्टची यादी उमटेपर्यंत गप्प बसायचं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून काय काय सांगत असे, ते तो ऐकायचा, पण कान तिकडे आणि डोळे इकडे. माणूस तक्रार सांगताना तिखटमीठ लावतो, यंत्र लावत नाही, असं त्याचं मत होतं.

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून तो या गॅरेजात वायरिंगचं काम करत होता. आता सव्विसावं चालू होतं आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजूनही त्याचे कान लाल व्हायचे. हातात सदा टेस्ट लॅम्प, वायरीत करंट आहे का ते दाखवणारा, म्हणून नाव पडलं टेस्टर. खरं नाव लायसनवर होतं, तेवढंच.

गॅरेजचा मालक मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा, स्कॅनरला नाक मुरडणारा. "याला उद्या मुलगी दाखवायला नेली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "तर हा आधी विचारेल, सॉकेट कुठंय."

टेस्टर हसायचा आणि वायर गुंडाळायला घ्यायचा.

त्या दिवशी आत आलेली पांढरी गाडी त्याच्या ताईची होती.

ताई एका इस्पितळाच्या औषधखान्यात कामाला होती, घरापासून सत्तर किलोमीटरवर. सहा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा चालण्यापुरता बरा झाला, पण तासभर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा म्हणजे तो सुजायचा. डॉक्टर म्हणाले, क्रूझ असलेली गाडी बघा. म्हणजे हवा तो वेग आला की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं. मग गाडी स्वतःच तो वेग धरून ठेवते, पाय मोकळा. ब्रेकला नुसता पाय लागला तरी क्रूझ सुटतो. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, ओळखीतून आठ वर्षं जुनी पण क्रूझ असलेली गाडी शोधून आणली. सध्या ताई आठवड्यातून दोनदा जाऊन बघत होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून रोज जायचं होतं. नाही जमलं तर तिच्या जागी दुसरी बाई घेणार, असं इस्पितळाने लेखी कळवलं होतं. सहा महिने घरात बसून ताई कशी झाली होती ते टेस्टरने पाहिलं होतं. रिकामे डबे पुन्हा पुन्हा घासत बसायची.

"मधेच सुटतो रे," ती म्हणाली. "ब्रेकला पाय लावलेला नसतो. पाय खाली सपाट ठेवलेला असतो. तरी सुटतो."

"बघतो," टेस्टर म्हणाला.

"बघतो काय, करून दे. तुझ्याशिवाय मला कोण आहे गॅरेजवाला."

"मी काय इथे भजन करतो का," मिस्त्री गाडीखालून म्हणाला.

२

फॉल्ट एकच निघाला. ब्रेक दाबल्यामुळे क्रूझ रद्द. त्यात विशेष काही नव्हतं. ब्रेकच्या पॅडलमागे एक छोटा स्विच असतो. तो झिजला की पाय न लावताही गाडीला वाटतं, ब्रेक दाबलाय.

फॉल्ट आला की गाडी त्या क्षणाच्या सगळ्या आकड्यांची नोंद ठेवते. टेस्टर गिऱ्हाइकांना सांगताना त्याला फोटो म्हणायचा. गाडी त्या घडीचा फोटो काढून ठेवते, आपण फक्त तो बघायचा. त्याने फोटो उघडला.

वेग ८८. ब्रेक पूर्ण दाबलेला. चालकाची सीट, माणूस आहे. शेजारची सीट, माणूस आहे. किलोमीटर ६३,९१८.

त्याने समोरच्या मीटरकडे पाहिलं. गाडी ६१,२४० किलोमीटर चालली होती.

त्याने स्कॅनर काढून पुन्हा लावला. आकडा तोच. गाडी अजून चाललीच नव्हती त्या किलोमीटरचा फोटो तिच्यात होता.

मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री हात पुसत आला, डोळे बारीक करून पाहिलं आणि हसत सुटला. "मीटर मागे फिरवलाय रे विकणाऱ्याने. पुढचा मीटर फिरवला, आतला हिशोब पुसायला विसरला. दाजींना म्हणावं, चांगली ओळख काढलीत."

टेस्टरचा जीव भांड्यात पडला. राग आला, पण तो हलका राग होता, कारण सापडल्यावर येतो तसा. ताईला काही बोलला नाही. दाजींच्या तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती.

मग त्याने नेहमीचं केलं. फॉल्ट सापडला की तो स्कॅनरवरून पुसायचा, गाडी फिरवून आणायची आणि परत येतो का ते बघायचं. पुसा आणि फिरवा. या धंद्यात शिकायला आलेल्याला पहिल्या आठवड्यात सांगतात ते हेच. त्याने बटण दाबलं. यादी कोरी झाली. स्विच थोडा सरकवून घट्ट केला, बारा किलोमीटर फिरवून आणलं. क्रूझ एकदाही सुटला नाही.

३

आठवड्याने ताई परत आली. गाडीतून उतरताना तिने दार धरलं आणि थोडा वेळ एका पायावर उभी राहिली.

"परत सुटला. जातानाही, येतानाही."

"कुठे सुटतो? एकाच जागी?"

"नाही रे. कधी पुलावर, कधी सरळ रस्त्यावर." ती थांबली. "आणि सुटला की पोटरी भरून येते. जोरात ब्रेक मारल्यावर येते ना, तशी. हसू नकोस."

तो हसत नव्हता. "गुडघ्यामुळे असेल."

"असेल. डॉक्टर पण तेच म्हणतात. गुडघा आहे म्हटल्यावर सगळं त्याच्याच नावावर."

त्याने वायर लावली. फॉल्ट तोच. फोटो उघडला. वेग ८८, ब्रेक पूर्ण दाबलेला, दोन्ही सीटवर माणूस. किलोमीटर ६२,४१०.

मीटर दाखवत होता ६१,५३६.

तो आकड्याकडे बघत राहिला. गेल्या वेळी त्रेसष्ट हजार नऊशे अठरा होता. मीटर मागे फिरवला असता तर आतला खरा आकडा पुढे गेला असता. हा खाली आला होता.

"ताई, शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"कोण बसणार. पिशवी ठेवते. डबा, पाण्याची बाटली, कोट. का?"

"काही नाही. पिशवी जड असली की सीटला वाटतं माणूस बसलंय."

"मग पिशवीला पट्टा लावू?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. ताईला पट्ट्याची फार सवय. उभ्या गाडीत बसली तरी तिचा हात आधी पट्ट्याकडे जायचा.

त्याने ब्रेकचा नवा स्विच टाकला. जुना टेस्ट लॅम्पवर शंभर वेळा दाबून पाहिला. शंभरही वेळा तो बरोबर लागला आणि बरोबर सुटला. स्विच चांगला होता. तरी नवा टाकला. मग फॉल्ट पुसला.

४

गुरुवारी ताई तिसऱ्यांदा आली आणि गाडी ठेवून बसने घरी गेली. सोमवार जवळ आला होता.

मीटर ६१,६८४. फोटो ६१,९७४.

त्याने त्या दिवशी दुसरं काही हातात घेतलं नाही. स्टिअरिंग उतरवून आतली गोल गुंडाळलेली केबल बदलली, कारण क्रूझच्या बटणांचा करंट तिच्यातून जातो. फ्यूज एकेक काढून पाहिले. पॅडलपासून बॉनेटपर्यंत एकेका वायरवर टेस्ट लॅम्प फिरवला. कुठे तुटलेलं नाही, कुठे गंज नाही. इतकी निरोगी वायरिंग त्याने जुन्या गाडीत पाहिली नव्हती.

"काही सापडत नसेल तर काही झालेलं नसेल," मिस्त्री म्हणाला. "पूर्वी आम्ही असंच धरायचो."

"यंत्र सांगतंय ना."

"यंत्राला काय. तुझ्यासारखंच ते. सांगायचं ते सांगतं, का ते सांगत नाही."

टेस्टरने फॉल्ट पुसला आणि गाडी बाहेर काढली. शेजारची सीट त्याने हात फिरवून रिकामी असल्याची खात्री केली. टेस्ट लॅम्पही मागच्या सीटवर टाकला.

गावाबाहेरचा रस्ता रुंद होता, दुपारची वर्दळ कमी. सत्तरला क्रूझ लावला, दोन्ही पाय मागे घेतले. गाडी सुरळीत चालली. इंजिनाचा एकच सूर होता, त्यात काही खटकत नव्हतं. तो अंग सैल सोडून बसला.

सहाव्या किलोमीटरला क्रूझ सुटला.

धक्का नाही, आवाज नाही. नुसता तो सूर खाली आला. त्याने पायांकडे पाहिलं. उजवा पाय खाली सपाट होता, पॅडलपासून वीतभर लांब. पण पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. हाताने दाबला तर ओरडावंसं वाटलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि पाय लांब करून बसून राहिला. पायाला वाटत होतं, आपण जिवाच्या आकांताने काहीतरी दाबलंय. डोक्याला माहीत होतं, काही दाबलेलं नाही.

त्या वेळी पहिल्यांदा त्याने शेजारच्या सीटकडे बघायचं टाळलं.

५

गॅरेजात येऊन त्याने वायर लावली. मीटर ६१,६९५. फोटो ६१,७९०.

त्याने टेबलावरचं एक जुनं जॉबकार्ड उलटं केलं आणि पाठीवर चारही वेळचे आकडे लिहिले. एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फोटो. वजाबाकी केली. पहिल्यांदा अडीच हजारांच्या वर अंतर होतं. मग नऊशेच्या आत. मग दोनशे नव्वद. आता पंचाण्णव. गाडी तेवढी चाललीच नव्हती. आकडा स्वतः जवळ येत होता, दर वेळी राहिलेल्या वाटेचा तिसरा हिस्सा शिल्लक ठेवून.

गाडी चालवल्याने येत होता म्हणावं, तर मधल्या काळात गाडी एकदा तीनशे किलोमीटर चालली होती, एकदा नुसती अकरा, तरी हिस्सा तोच. स्विच नवा, केबल नवी, म्हणजे तेही नाही. मग दर वेळी सारखी अशी कोणती गोष्ट झाली होती?

उत्तर त्याला लगेच सुचलं आणि त्याने ते दोनतीनदा बाजूला सारलं. आठवी नापास माणसाच्या डोक्यातलं काहीतरी, असं स्वतःला म्हणाला. मिस्त्रीला सांगितलं तर तो आठवडाभर ही गोष्ट सगळ्या बाजाराला सांगत बसेल. पण शंका आली तर तपासायची, हेच तर त्याचं काम होतं. लॅम्प लावल्याशिवाय वायर मेली म्हणायचं नाही.

म्हणून त्याने तपासलं. गाडी जागची हलवली नाही. इंजिन चालू केलं, फॉल्ट पुसला आणि बसून राहिला.

यादी कोरी होती. मिस्त्री पलीकडे कुणाच्या तरी चाकाचे नट आवळत होता. एक, दोन, तीन, चार. चौथ्या नटाला स्कॅनर वाजला.

वेग ८८. ब्रेक पूर्ण दाबलेला. चालकाची सीट, माणूस आहे. शेजारची सीट, माणूस आहे. किलोमीटर ६१,७२७.

बत्तीस किलोमीटर.

तो तपासायला गेला नसता तर पंचाण्णव होते. पहिल्याच दिवशी हात आवरला असता तर अडीच हजार होते, ताईचे अठरा वीस दिवस. चारही वेळा त्याच्याच बोटाने पुसलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं नसतं. गाडीतलं काही न कळणाऱ्याने नुसतं बघून सोडून दिलं असतं.

सोमवारी सकाळी ताई निघाली तर इस्पितळाच्या अर्ध्या वाटेवर, मोठ्या रस्त्यावर, तो आकडा मीटरवर येणार होता.

६

शुक्रवारी संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला. ती पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. दाजी अजून कामावरून आले नव्हते.

"झाली?"

"नाही. ताई, सोमवारी बसने जाशील?"

"दोन बस बदलून? उभ्याने? या गुडघ्यावर?" तिने इस्त्री उभी केली. "काय झालंय गाडीला?"

त्याने वाटेत वाक्य जुळवून आणलं होतं. ते आता आठवेना. "गाडीत एक नोंद आहे. पुढची. म्हणजे गाडी अजून तिथे पोचली नाही आणि नोंद आहे. ब्रेक दाबल्याची."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. ती लहानपणी त्याचा अभ्यास घ्यायची तेव्हा अशीच बघायची, चुकलास म्हणायच्या आधी.

"यंत्र बिघडलं असेल तुझं."

"दुसऱ्या गाड्यांना बरोबर चालतं."

"मग गाडीचं डोकं बिघडलं असेल. बघ बाबा, तू म्हणालास म्हणून मी सांगते. माझ्या पायांनी मला घरात बसवलं. आता तू आकड्यांनी बसवू नकोस. सोमवारी गेले नाही तर ते परत बोलावणार नाहीत. मग मी काय करायचं? डबे घासायचे?"

त्याचे कान तापले. "उद्यापर्यंत ठेव माझ्याकडे. उद्या पाचला ये. मी नीट करून देतो."

"नक्की?"

"नक्की."

"जेवून जा," ती म्हणाली आणि पुन्हा कोटाकडे वळली. "तोंड बघ कसं झालंय. वायरी चावतोस का दुपारचं?"

७

रात्रभर विचार करून त्याने जे ठरवलं ते अगदी साधं होतं. आकडा यायचाच असेल तर येऊ दे, पण रस्त्यावर नाही.

शनिवारी दुपारी मिस्त्री एक इंजिन बघायला दुसऱ्या गॅरेजात गेला. टेस्टरने पांढरी गाडी लिफ्टवर घेतली आणि वीतभर उचलली, चाकं जमिनीपासून सुटतील एवढीच. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. चुन्याची पांढरी भिंत, बॉनेटपासून दोन हातांवर, तिच्यावर काही नाही. मागचं शटर उघडं ठेवलं, धूर जायला सायलेन्सरला नळी लावली. ही गाडी जुन्या पद्धतीची, वेग गिअरबॉक्सवरून मोजणारी. चाकं हवेत फिरली तरी तिला वाटणार होतं, आपण रस्त्यावर आहोत. बत्तीस किलोमीटर इथेच, याच खोलीत, संपवायचे. आकडा मागे पडला की गाडी ताईच्या हवाली करायची.

फोटोतलं काही जुळू द्यायचं नाही हेही त्याने ठरवलं होतं. क्रूझ सत्तरला लावायचा, अठ्ठ्याऐंशीला नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही. शेजारची सीट रिकामी. तो आत बसला आणि चारही दारं त्याने आतून लॉक केली.

पाचवा गिअर, सत्तर, बटण. पाय मागे.

बंद खोलीत तो आवाज मोठा वाटत होता. रस्त्यावर आवाज मागे सांडत जातो, इथे भिंतीवर आपटून परत येत होता. लिफ्टचे खांब बारीक थरथरत होते. मागची चाकं स्थिर म्हणून मीटरवर दोन पिवळे दिवे लागले, ते लागणार हे त्याला माहीत होतं. स्कॅनर त्याने डॅशबोर्डवर उभा करून ठेवला होता. ६१,७००. ६१,७०५. भिंत जिथल्या तिथे होती. पंधरा मिनिटांनी त्याला आपलंच हसू यायला लागलं. गाडीत बसून भिंतीकडे बघणारा माणूस. मिस्त्रीने पाहिलं असतं तर म्हणाला असता, कुठपर्यंत पोचलास?

६१,७१९ ला त्याचं लक्ष काट्याकडे गेलं. काटा अठ्ठ्याहत्तरवर होता.

चाकं हवेत, ओझं नाही, म्हणून वेग वर सरकत असेल. त्याने वेग कमी करायचं बटण दाबलं. काटा खाली आला नाही. पुन्हा दाबलं. ऐंशी. ब्रेकला पाय लावला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं, पण ब्रेक लावायचा नव्हता. त्याने पाय सीटखाली ओढून घेतले. संपू दे, तो मनात म्हणाला, सात आठ किलोमीटर राहिलेत, जाऊ दे.

६१,७२४. शहाऐंशी. ६१,७२५. अठ्ठ्याऐंशी, आणि काटा तिथे खिळला.

६१,७२६ झाला तेव्हा त्या आवाजात एक बारीक टक ऐकू आलं. चारही दारांची लॉकं एकदम वर आली.

शेजारचं दार उघडलं. ताई होती. हातात दुसरी चावी, खांद्याला पिशवी. ती आधी पाठमोरी सीटवर टेकली, मग तिने दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला आणि दार ओढलं.

"लवकर बस मिळाली," ती मोठ्याने म्हणाली. "तुझ्या गॅरेजात एक खुर्ची धड नाही. बसू दे जरा, गुडघा ठणकतोय."

"उतर," तो म्हणाला.

"काय?"

"ताई, उतर खाली."

"ऐकू येत नाही रे. बंद कर ना हे." आणि तिचा हात सवयीने खांद्यामागे गेला. तिने पट्टा ओढून लावला. स्कॅनरवर शेजारच्या सीटची ओळ बदलली होती, माणूस आहे.

त्याने चावीकडे हात नेला. बोटं चावीला लागली, हे त्याला नंतरही स्पष्ट आठवत होतं. पण त्याच वेळी त्याची नजर वर गेली, कारण समोरचा पांढरा रंग राहिला नव्हता.

भिंत गेली असं म्हणता येत नव्हतं. काचेच्या चौकटीत एक करडी लांबी होती, रस्त्यासारखी, वेगाने खालून ओढली जाणारी, आणि तिच्या मध्यावर कुणीतरी उभं होतं. ओलांडता ओलांडता थांबलेलं. एक हात वर, पंजा उघडा. तोंड त्यांच्याकडे वळत होतं, पण पुरतं वळलं नव्हतं.

त्याने ठरवलेलं सगळं डोक्यात होतं. पायाला त्यातलं काही माहीत नव्हतं. पाय सीटखालून सुटला आणि त्याने ब्रेक तळापर्यंत दाबला.

दोघेही पुढे फेकले गेले. ताईचा पट्टा आवळला. ताईच्या तोंडातून हवा निघाल्यासारखा आवाज आला, आणि त्यासोबतच पुढून दुसरा आवाज आला, बोथट, मऊ, बॉनेटच्या खालच्या अंगाला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

८

खोली शांत झाली. समोर भिंत होती, चुन्याची, कोरी, दोन हातांवर. मागच्या शटरातून ऊन येत होतं आणि रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मीटर ६१,७२७.

स्कॅनर वाजला नाही. पडद्यावर लिहिलं होतं, एकही फॉल्ट नाही. त्याने ते वाचलं. ताई जिवंत होती, अखंड होती, त्याच्या शेजारी श्वास घेत होती. आकडा आला होता आणि गेला होता. त्याचे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"झालं, ताई," तो म्हणाला. "झालं. आता काही नाही."

ताई समोर बघत होती.

"बाई होती," ती म्हणाली.

त्याने पुन्हा मीटर पाहिला.

"तिने हात केला होता. तू पाहिलंस ना?" तिचा आवाज अगदी बारीक होता, औषधाच्या खिडकीतून कुणाच्या तरी घरच्यांशी बोलतात तसा. "तू उशिरा दाबलास रे."

"आपण गॅरेजात आहोत. गाडी हललीसुद्धा नाही. चाकं हवेत आहेत, बघ तू. समोर भिंत आहे."

"मग उतरून बघ."

दार त्याच्या डाव्या हाताशी होतं की उजव्या हे त्याला क्षणभर सुचेना. हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. बॉनेटच्या पुढे, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या दोन हातांच्या जागेत काय आहे ते आतून दिसत नव्हतं. पाच पावलं चालून जायचं आणि वाकून बघायचं, एवढंच. फरशी असेल. रिकामी फरशी.

"बघ ना," ताई म्हणाली. "उतर."

तो उतरला नाही. तीही उतरली नाही. पट्टा सोडायलाही तिने हात हलवला नाही.

लिफ्टवर चढवलेली गाडी पोलादी हातांवर बसलेली असते. तिला माणसाने रेटलं तर ती जेमतेम हलते. तो हे ओळखून होता, रोजचं काम होतं. म्हणून जेव्हा गाडीचं नाक किंचित खाली दबलं, थांबलं, आणि मग आणखी थोडं दबलं, तेव्हा त्याला दुसरं काही समजायला जागाच उरली नाही. पडलेलं माणूस उठताना हाताशी येईल त्यावर भार टाकतं, तसं ते दबत होतं.